मेजर निवडण्याआधी शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा : बारावीपासून प्राध्यापकीपर्यंतची वाट

बारावीचा निकाल लागला की घरात दोनच प्रश्न फिरत राहतात : मार्क किती पडले आणि स्कोप कशात आहे. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडायला या दोन्हींचा उपयोग बेताचाच. मार्क बारावीच्या विषयाचे असतात आणि पदवीला त्याच नावाचा विषय बऱ्याचदा वेगळाच निघतो. स्कोप म्हणून नातेवाईक जे सांगतात ती दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भरतीची हकिगत असते आणि तुम्ही बाहेर पडणार अजून चार-पाच वर्षांनी.

हा लेख बीए, बीएस्सी किंवा बीकॉमकडे निघालेल्यांसाठी आहे. त्यातही पुढे संशोधन करावं, कॉलेजात शिकवावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. इंजिनिअरिंग-मेडिकलची वाट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल सांगणाऱ्यांची कमतरता नाही.

आधी पाहा, कोणती दारं बंद झाली आहेत

सगळ्यात महागात पडणारा निर्णय अकरावीत होतो आणि तो बहुधा मित्रांकडे बघून होतो : गणित सोडायचा. सायन्सला गणित सोडलं की फक्त इंजिनिअरिंग गेलं असं मुलं समजतात. प्रत्यक्षात फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, गणित आणि बहुतेक ठिकाणी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्ससुद्धा हातचं जातं. कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं की अकाउंटिंगचं काही अडत नाही. पुढे अर्थशास्त्र किंवा फायनान्समध्ये संशोधन करायचं म्हटलं की अडतं. आर्ट्सच्या मुलांना बीए अर्थशास्त्राला गणिताविना प्रवेश मिळतो, म्हणून ते गाफील राहतात. पण आयआयटींमधून एमएस्सी करण्यासाठी जी जॅम परीक्षा असते, तिच्या अर्थशास्त्राच्या पेपरात कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र आहे. चांगल्या एमएच्या पहिल्याच सत्रात ते गृहीत धरलेलं असतं.

गणित सुटलंच असेल तर उपाय आहे, पण तो पहिल्याच वर्षी करायचा. मायनर (दुय्यम विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) म्हणून गणित अथवा संख्याशास्त्र घ्या. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातला मर्यादा, अवकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढा भाग रोज एक तास दिला तर सुट्टीत होण्यासारखा आहे. तिसऱ्या वर्षी जाग आली तर तोवर परीक्षांचे फॉर्म हातून गेलेले असतात.

बारावीला बायोलॉजी घेतलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या) प्रवेश परीक्षेला बसायला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांपैकी तीन विषय पुरतात. पेपर मात्र चारही विषयांचा येतो : प्रत्येकी १५ प्रश्न, एकूण ६०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. गणिताचे १५ प्रश्न संपूर्ण सोडून द्यायचे ठरवलंत तर ६० गुण आधीच गेले. त्यातले सोपे चार-पाच सोडवता येण्याइतकी तयारी फायद्याची ठरते.

टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) अभ्यासक्रम उघडा

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयवार अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात. स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेजच्या संकेतस्थळावर. पहिल्या वर्षाचा वाचू नका, तो मुद्दाम सोपा ठेवलेला असतो. पाचव्या आणि सहाव्या सत्राचा उघडा, त्याच्या जोडीला गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा. समजणार नाहीच, आणि तशी अपेक्षाही नाही. पाहायचं एवढंच, की रोज कोणत्या प्रकारचं काम करावं लागणार आहे.

गणिताचं उदाहरण घ्या. बारावीत इंटिग्रेशनची गणितं भराभर सोडवून ९५ मार्क मिळवलेल्या मुलाला पदवीच्या गणितात पानोपानी ‘सिद्ध करा’ भेटतं. उत्तर काढायचं नसतं, ते दिलेलंच असतं, ते का खरं आहे हे दाखवायचं असतं. स्वतःची परीक्षा घ्यायची तर एक विधान घेऊन बसा : कोणत्याही दोन वेगळ्या परिमेय संख्यांच्या मध्ये एक तरी अपरिमेय संख्या असते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, दोन तास द्या. जमलं की नाही याला महत्त्व नाही. दोन तासांनंतर चिडचिड झाली, की रात्री जेवतानाही तेच डोक्यात घोळत राहिलं, ते पाहा. चिडचिड झाली असेल तर तुम्हाला कदाचित गणित नव्हे, गणितं सोडवणं आवडतं. अशांना संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्स जास्त मानवतं.

मानसशास्त्राला गर्दी होते ती समुपदेशनाच्या आवडीने. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र, प्रयोग, चाचण्यांची रचना आणि त्यांची विश्वसनीयता तपासणं हे बरंच असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते, साध्या एमएवर ती पाटी लावता येत नाही. हे पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

मायक्रोबायोलॉजीत निम्मा वेळ जिवाणू वाढवायची माध्यमं बनवणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लावणं, प्लेट ३७ अंशांना २४ तास ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भलतंच काही उगवलेलं पाहून सगळं पुन्हा करणं यात जातो. मेडिकलची नीट परीक्षा हुकली म्हणून तिकडे आलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. ज्यांना हाताने नेटकं काम करायला आवडतं ते मात्र तिथे रमतात. बायोकेमिस्ट्रीपासून सुटका नाही हेही ध्यानात ठेवा, म्हणजे रसायनशास्त्र नको म्हणून इकडे येण्यात अर्थ नाही.

इतिहासाबद्दल एक गोष्ट फार उशिरा सांगितली जाते : संशोधन करायचं तर भाषा आणि लिपी लागतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर बहुतांश मोडीत आहे. सतराव्या शतकाकडे गेलात की फारसीची गरज पडते, गोव्याच्या इतिहासाला पोर्तुगीजची. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते, तिचे वर्ग पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतरही संस्था घेतात. एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) सुट्टीत ती शिकलात तर एमएला पोचेपर्यंत बरोबरीच्या बहुतेकांच्या पुढे असाल. मोडी न येता मराठेशाहीवर पीएच.डी. करणारेही आहेत. त्यांचे प्रबंध छापील साधनांच्या पलीकडे जात नाहीत, हे वाचणाऱ्याला पहिल्या प्रकरणातच कळतं.

असे दोन किंवा तीन विषय निवडा, प्रत्येकाला दोन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकाचं एक प्रकरण आणि त्याखालचे प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात स्वयम् किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवरची त्याच विषयाची चार व्याख्यानं, स्वतःच्या हाताने नोंदी काढून. व्याख्यानं नुसती ऐकली तर प्रत्येक विषय आवडतो, म्हणून प्रश्न सोडवणं टाळू नका.

कॉलेजचं नाव बाजूला ठेवा, विभाग बघा

नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी संपूर्ण कॉलेजची असते, तुमच्या विभागाची नाही. ए प्लस कॉलेजात एखाद्या विषयाला एकच कायम शिक्षक असतो आणि तालुक्याच्या गावातल्या साध्या कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग भक्कम असतो. प्रवेशाआधी दुपारच्या वेळी, प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि एसवाय-टीवायच्या मुलांना विचारा :

- या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती?
- गेल्या सत्रात ठरलेल्यांपैकी किती प्रॅक्टिकल खरोखर झाली, आणि जर्नल कुणाच्या निरीक्षणांवर भरलं?
- एका उपकरणावर किती जण असतात?
- मागच्या बॅचमधले एमएस्सीला कुठे कुठे गेले? नावं सांगता येतात का?

दुसऱ्या प्रश्नाला मुलं हसली की उत्तर मिळालं.

फीबद्दल एक खाचखळगा. एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही वर्ग असतात. बीएस्सी केमिस्ट्री अनुदानित आणि शेजारचं बायोटेक्नॉलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित, असं चित्र सर्रास दिसतं. फी कित्येक पट वेगळी असते, आणि शिष्यवृत्तीचे नियमही वर्ग कोणता यावर बदलू शकतात. पावती फाडण्याआधी ऑफिसात स्पष्ट विचारा आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तुमचा अभ्यासक्रम दिसतो का ते तपासा.

लांबलचक, चकचकीत नावांच्या पदव्यांपासून थोडं सावध राहा. अशी पदवी चांगली असूही शकते, पण आधी तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या एमएस्सी प्रवेशाच्या जाहिराती काढा आणि पात्रतेच्या रकान्यात तुमच्या पदवीचं नाव शोधा. तीनपैकी दोन ठिकाणी नसेल तर तोच विषय साध्या नावाच्या मेजरखाली शिका. बीएड करून शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजचा पर्याय राखून ठेवायचा असेल तर हे जास्तच लागू आहे, कारण तिथे पदवीचा विषय शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयाशी जुळावा लागतो.

आणि संशोधनाची ओढ आत्ताच पक्की असेल, तर पदवीपासूनच संशोधन संस्थेत शिकण्याचे दरवाजे आहेत. आयसर देशात सात ठिकाणी आहेत, त्यांतलं एक पुण्यात. भुवनेश्वरचं नायझर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातलं सेब्स या दोन्हींसाठी नेस्ट ही परीक्षा आहे. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था बीस्टॅट-बीमॅथसाठी स्वतःची परीक्षा घेते. या परीक्षांच्या तारखा बारावीच्या वर्षीच येऊन जातात आणि गावाकडच्या कॉलेजात त्यांची सूचनाही लागत नाही.

मेजर, मायनर आणि क्रेडिट

नव्या शैक्षणिक धोरणानुसारची रचना महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या आदल्या वर्षी. दर सत्राला २० ते २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. त्यामुळे २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल कागदावर किरकोळ दिसलं तरी ते ६० तास खातं.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकून दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर ठरतो, काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच मेजर विचारतात. तुमच्याकडे काय आहे ते माहितीपत्रकात पाहा. पहिली पद्धत असेल तर ती उदारपणे वापरा : एक विषय आवडीचा, एक त्याला आधार देणारा आणि तिसरा बारावीपर्यंत कधी न भेटलेला. एक लक्षात ठेवा, या तीनांतून बाहेरचा विषय नंतर मेजर म्हणून मिळणं अवघड असतं.

मायनर निवडताना मुलं सोपं काय ते बघतात आणि संधी वाया घालवतात. मायनर मेजरला हत्यार पुरवणारा असावा. जीवशास्त्राला संख्याशास्त्र, अर्थशास्त्राला गणित, भूगोलाला कॉम्प्युटर सायन्स म्हणजे पुढे जीआयएसला (संगणकावरच्या नकाशांच्या कामाला) उपयोग, इतिहासाला संस्कृत किंवा फारसी मिळालं तर उत्तम. मराठीच्या विद्यार्थ्याने भाषाविज्ञान घेतलं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणचं एमए त्याच्या आवाक्यात येतं.

एबीसी आयडी (क्रेडिट जिथे जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) पहिल्याच महिन्यात काढा आणि प्रत्येक सत्राचा निकाल लागला की क्रेडिट तिथे जमा झालेत का ते बघा. नावाचं स्पेलिंग आधार, बारावीची मार्कशीट आणि कॉलेजची नोंद यात जुळत नसल्यामुळे अडकलेली क्रेडिटं शेवटच्या सत्रात, नेमकी प्रवेशाची धावपळ असताना, डोकं वर काढतात. एटीकेटी (नापास झालेला, राहिलेला विषय) असेल तर तीही लगेच सोडवा. बॅकलॉगसकट चौथ्या वर्षाच्या संशोधनाचा विचार होत नाही.

तीन वर्षांवर थांबायचं की चौथं करायचं

हिशेब सरळ आहे. तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षांचं पदव्युत्तर, किंवा चार वर्षांची पदवी अधिक एक वर्षाचं पदव्युत्तर. दोन्हीकडे पाचच वर्षं. चौथं वर्ष दोन प्रकारचं आहे : ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च. रिसर्चवाल्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीचं सीजीपीए लागतं, आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांत ७५ टक्के मिळवलेला विद्यार्थी एमए-एमएस्सी न करता थेट पीएच.डी.ला अर्ज करू शकतो. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. तुमच्या विभागात पीएच.डी.चं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असेल आणि निदान दोन कार्यरत गाइड (पीएच.डी.चे मार्गदर्शक) असतील तरच चौथं वर्ष तिथे करा. नाहीतर तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांच्या पदव्युत्तरसाठी दुसऱ्या, जास्त चांगल्या संस्थेत जा. जिथे थिअरीलाच शिक्षक पुरत नाहीत तिथला संशोधन प्रकल्प म्हणजे जुन्या प्रकल्पाची शीर्षक बदललेली प्रत असते.

सुट्ट्या फुकट घालवू नका. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि त्यात विद्यावेतन असतं. गणितासाठी एमटीटीएसचं उन्हाळी प्रशिक्षण आहे. अर्जाला लागतं ते शिक्षकाचं शिफारसपत्र. ‘हा विद्यार्थी हुशार आणि होतकरू आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी असतं. तुम्ही कोणतं काम केलं, कुठे अडलात आणि काय करून सोडवलं हे त्यात यायला हवं. म्हणून पत्र मागताना शिक्षकाला आपल्या कामाचा अर्ध्या पानाचा आढावा द्या आणि तीन आठवडे आधी द्या.

पदव्युत्तर प्रवेशाचं वेळापत्रक

टीवायच्या जूनमध्ये भिंतीवर लावून ठेवावं असं हे : जॅमचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. तिचे विषय सातच आहेत : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूविज्ञान, बायोटेक्नॉलॉजी आणि अर्थशास्त्र. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) परीक्षेचे फॉर्मही पावसाळा संपता संपता पाहायला लागा. सीयूईटी-पीजी ही सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा साधारण मार्चमध्ये. जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशी केंद्रीय विद्यापीठं तिच्या गुणांवर प्रवेश देतात आणि मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुद्धा आता तिच्यावरच. राज्य विद्यापीठांचे स्वतःच्या विभागांसाठीचे प्रवेश मे-जूनमध्ये. सहाव्या सत्राचा निकाल लांबला तर तात्पुरता प्रवेश आणि नंतर गुणपत्रिका सादर करायची सोय बहुतेक ठिकाणी असते. हमीपत्राची शेवटची तारीख मात्र डायरीत लिहा.

परदेशाचा विचार असेल तर एवढंच : अमेरिकेत विज्ञान विषयांत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि प्रवेशाबरोबर बहुधा विद्यावेतन असतं. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. दोन्हीकडे शिफारसपत्रं आणि केलेलं संशोधन यांना परीक्षेच्या गुणांपेक्षा जास्त वजन आहे. कर्ज काढून मास्टर्सला जाणं आणि विद्यावेतनावर पीएच.डी.ला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घरी बोलताना त्या एकत्र करू नका.

नेट, सेट, जेआरएफ

इथे नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. नेट ही सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि संशोधनाची फेलोशिप ठरवणारी राष्ट्रीय परीक्षा, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांची. कला, वाणिज्य, सामाजिक शास्त्रं, भाषा यांची नेट यूजीसीसाठी (विद्यापीठ अनुदान आयोगासाठी) एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न २०० गुण. दोन्ही मिळून सलग तीन तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. विज्ञानाची सीएसआयआर नेट वेगळी आहे : जीवशास्त्रं, रसायन, भौतिक, गणित आणि पृथ्वीविज्ञान असे पाचच गट, तीन भागांचा पेपर, आणि तिथे बऱ्याच प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे. यूजीसी नेटच्या सवयीने सगळेच गोळे रंगवणारे तिथे आपटतात.

पात्रता पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०. एमएच्या शेवटच्या वर्षात असतानाच बसता येतं, आणि बसावंच. पहिल्या पेपरला मुलं हलक्यात घेतात. त्यात अध्यापन, संशोधन पद्धती, तर्क, आकडेवारी, उच्च शिक्षण व्यवस्था असे दहा घटक आहेत. आठवड्याला एक घटक धरला तर अडीच महिने, आणि निकालात एकूण गुणवत्ता मोजली जात असल्याने तिथले १० गुण विषयाच्या १० गुणांइतकेच मोलाचे.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, फक्त पीएच.डी. प्रवेश. मागच्या दोन गटांतले गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि त्यांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. सहायक प्राध्यापक म्हणून पात्रता मात्र कायमची. जेआरएफसाठी वयाची अट ३०, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षं सवलत. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडे.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे, घेतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. तिच्यावर या दोन राज्यांतल्या विद्यापीठं-कॉलेजांत सहायक प्राध्यापक होता येतं, पण फेलोशिप मिळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना काही विषयांचे पेपर मराठीतून देता येतात, हा तिचा मोठा फायदा. दोन्ही परीक्षा द्या. अभ्यास जवळपास तोच आहे.

जेआरएफ हुकली म्हणून पीएच.डी. सोडायचं कारण नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. जागा मोजक्या असतात आणि जाहिरातींचं वेळापत्रक अनियमित. म्हणून पहिली दोन वर्षं फेलोशिपविना काढावी लागली तर पैसे कुठून येतील हे नोंदणीआधी ठरवा.

गाइड निवडणं

पीएच.डी. किमान तीन वर्षांची, कमाल सहा, त्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क धरून. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. म्हणून पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) पास होऊनही गाइडकडे जागा नाही, अशी अडचण येते. पेटचा निकाल लागायची वाट न पाहता आधी गाइडशी बोलून ठेवा. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नुसतं ‘ये, बघू’ म्हणणाऱ्या गाइडचं निवृत्तीचं वर्ष विचारायला लाजू नका.

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा, असं आम्ही ठामपणे म्हणतो. शोधगंगा या संग्रहात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे गाइडचं नाव टाका, त्यांच्या हाताखालचे शेवटचे दोन प्रबंध उघडा. संदर्भसूचीत गेल्या पाच वर्षांतलं काही आहे का? दोन विद्यार्थ्यांचे विषय फक्त जिल्ह्याचं नाव बदलून तेच आहेत का? मग त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि विचारा : लिहिलेलं प्रकरण परत यायला किती दिवस लागतात, आणि गाइडची घरची किंवा कमिटीची कामं किती करावी लागतात.

आरआरसीसमोर (विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर) विषय अडकतो तो मुख्यतः आवाका मोठा असल्यामुळे. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : एक अभ्यास’ असलं शीर्षक नेऊ नका. एक तालुका, ठरावीक कालखंड, एक प्रश्न आणि माहिती कुठून मिळणार ते ठिकाण, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. प्रबंधातलं इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार कारवाई सुरू होते. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीची विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून ही पारख तुमच्यावरच आहे.

नोकरीचं चित्र

सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. जुलै २०२३ पासून त्यासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. हे ऐकून लोक हुरळतात. अनुदानित जागांना शासनाची मंजुरी लागते, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी याची नोंद) तपासून यावी लागते, जाहिरात निघून भरती रखडते, आणि तोवर बरेच पात्रताधारक तासिका तत्त्वावर काम करतात. तिथे पैसे घेतलेल्या तासांचे, सुट्टीत काहीच नाही आणि बिलं उशिरा. एक-दोन वर्षं अनुभव म्हणून ठीक. त्यापुढे दरवर्षी एक ठरलेली तारीख ठेवा, जिच्या आधी दुसरे अर्ज गेलेच पाहिजेत : संशोधन संस्था, उद्योगातलं संशोधन, ज्युनिअर कॉलेज, स्पर्धा परीक्षा, जे तुम्हाला झेपेल ते.

मुलाखतीच्या यादीसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत गुणतक्ता आहे. त्यात पदवीचे आणि पदव्युत्तरचे टक्केही मोजले जातात. पीएच.डी.ला विद्यापीठातल्या जागेसाठी ३० आणि कॉलेजसाठी २५ गुण. कॉलेजच्या तक्त्यात जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. राज्याची निवडपद्धत बदलत असते, म्हणून प्रत्येक जाहिरातीसोबतचा तक्ता वाचाच. पण एफवायला ५८ टक्क्यांवर समाधान मानणाऱ्याने त्याची किंमत दहा वर्षांनी इथे मोजलेली असते.

घरी हे सगळं मांडायचं तर वयाचा हिशेब कागदावर लिहा : १८ व्या वर्षी बारावी, २३ व्या वर्षी पदव्युत्तर, २८ ते ३० च्या दरम्यान पीएच.डी. जेआरएफ मिळाली तर २४ पासून स्वतःचा खर्च निघतो, नाही मिळाली तर कोणत्या वर्षापर्यंत घर आधार देऊ शकतं हा आकडा आई-वडिलांकडून स्पष्ट घ्या.

कागदपत्रं

प्रवर्गाचा लाभ घेणाऱ्यांचे अर्ज इथे सर्वाधिक बाद होतात. राज्याची आणि केंद्राची ओबीसी यादी एकसारखी नाही. नेट, जॅम, सीयूईटीसाठी केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. राज्यातले विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाहीत, त्यातल्या ज्या जाती केंद्रीय यादीत आहेत त्या ओबीसीत धरल्या जातात. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्यापुरताच प्रवर्ग आहे. आपल्या जातीची नोंद राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधा, मगच फॉर्मवर खूण करा. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएसची मुदत फॉर्म भरण्याच्या तारखेला चालू हवी. तहसील आणि सेतू केंद्रात जून-जुलैत रांगा लागतात, म्हणून एप्रिल उजाडला की नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि केंद्राच्या नमुन्यातली प्रत त्याच खेपेला मागून घ्या.